पहिल्या तारखेचं तिकीट

तेजॉन शहराच्या भुयारी बाजारात जिना उतरलं की डाव्या हाताचं चौथं दुकान बोंग-सुनचं. दुकान म्हणजे शिलाईचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एक गिऱ्हाईक उभं राहील एवढी जागा. पँटची उंची कमी करणं, जॅकेटची चेन बदलणं, पोट सुटलेल्या माणसाच्या कोटातून कुठून तरी दोन बोटं कापड काढून देणं, हे ती तीस वर्षं करत आली होती. वय एकसष्ट. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी यु-रिम लग्न करून व्हँकुव्हरला स्थायिक झालेली.

बोंग-सुनची टीप कधी तिरकी गेली नाही. मन मात्र एका नावापाशी आलं की हमखास तिरकं जायचं. ते नाव म्हणजे विहीणबाई.

विहीणबाई राजधानीजवळच्या बुंदांग या सधन उपनगरातल्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. पेन्शन, चापूनचोपून बसवलेले केस, आणि वेळच वेळ. वरमाईचा तोरा त्यांनी कधी उघड दाखवला नाही, आणि बोंग-सुनला तेच जास्त झोंबायचं. उघड दाखवला असता तर निदान भांडता आलं असतं. नातू झाला तेव्हा विहीणबाई तिसऱ्या दिवशी व्हँकुव्हरला हजर. बोंग-सुनच्या अंगावर तेव्हा शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती, तिला जायला दोन महिने लागले. आता फोनवर विहीणबाई गाणं म्हणायच्या आणि नातू रा-ओन खळखळून हसायचा. बोंग-सुन बोलायला लागली की तो फोनच चाटायचा.

मे महिन्यात रा-ओनचा पहिला वाढदिवस होता. पहिला वाढदिवस म्हणजे बाळाला नवे कपडे घालून टेबलापुढे बसवायचं, टेबलावर दोरा, पेन्सिल, पैसे, चेंडू मांडायचे, आणि ते काय उचलतं, म्हणजे पुढे कोण होणार, ते सगळ्यांनी श्वास रोखून बघायचं. हा क्षण एकदाच येतो. बोंग-सुनने ठरवलं होतं की या वेळी आपण आधी पोचायचं. बाळाचा हानबोक, म्हणजे सणासमारंभाचा पारंपरिक कोरियन पोशाख, तिने स्वतः शिवला होता. वाढदिवस शनिवारी होता, विहीणबाई बुधवारी निघू म्हणत होत्या, म्हणून हिने मार्चच्या चौथ्या तारखेलाच मंगळवारचं तिकीट काढलं. जागा बेचाळीस अ, खिडकीची.

आणि मार्चच्या मध्यावर इंधनाचा नवा अधिभार जाहीर झाला.

विमानाच्या भाड्यावर तेलाचा हा वेगळा बोजा असतो आणि तो दर महिन्याला बदलतो. तुम्ही उडता कधी याला महत्त्व नाही, तिकीट काढता कधी याला आहे. एकदा काढलं की पुढे अधिभार चढला तरी जास्त मागत नाहीत, आणि उतरला तरी एक वॉन परत देत नाहीत. त्यामुळे महिन्याच्या मध्यावर भुयारी बाजारात हवापाण्याइतकीच याचीही चर्चा असायची. चढणार असेल तर लोक एकतीस तारखेला धावायचे, उतरणार असेल तर एक तारखेला.

"चढताना लिफ्टने चढतो मेला, उतरताना जिन्याने," असं शेजारची मोजेवाली दोक-जा नेहमी म्हणायची. या वेळी मात्र तो उतरलाही लिफ्टनेच. जाऊन येऊन ब्याण्णव हजार वॉन कमी.

त्याच दुपारी घरच्या ग्रुपवर विहीणबाईंचा निरोप आला. "मी तर अजून काढलंच नाही हो तिकीट! आळशीपणाही कधी कधी कामाला येतो. विहीणबाई, तुम्ही काढलंत ना? अरेरे." खाली रडणाऱ्या सशाचं चित्र.

त्या सशाने घात केला. बोंग-सुनने फोन दोक-जाच्या नाकासमोर धरला.

"बघ, बघ हिचं अरेरे. ब्याण्णव हजारांसाठी नाही गं, पण तिथे गेल्यावर जावयासमोर म्हणेल, आमच्या विहीणबाई भोळ्या, त्यांना महाग पडलं."

"म्हणू दे की. तू मंगळवारी पोचतेस, ती बुधवारी. बाळ कुणाच्या कडेवर असेल?"

"बाळ माझ्या कडेवर आणि शहाणपण तिच्या पदरात? नको मला."

"तुला दोन्ही हवंय."

"हो, हवंय. एकदा तरी दोन्ही हवंय."

पुढचे पंधरा दिवस तिने काढले कसेबसे. एका बाईच्या स्कर्टला तिने उलटी चेन लावली. तीस वर्षांत पहिल्यांदा. एकतीस तारखेला संध्याकाळी दुकान बंद करून ती ट्रॅव्हल एजन्सीत गेली. तक नावाचा गृहस्थ ती चालवायचा. त्याच्या सगळ्या पँटा हिच्याकडेच लहान-मोठ्या व्हायच्या.

"रद्द करायचंय," ती म्हणाली. "उद्या परत काढून द्या."

तकने चष्मा कपाळावर चढवला. "मालकीणबाई, रद्द करायला तीस हजार कापतात."

"बासष्ट तरी उरतात ना?"

"बासष्टमध्ये खुर्ची विकत मिळत नाही. मेच्या सुट्ट्या आहेत. उद्या सकाळी अर्धा देश फोन घेऊन बसलेला असणार. हातातली जागा सोडू नका."

"मग आधी उद्याचं काढा, नंतर हे रद्द करा."

"एकाच नावाने दोन जागा धरल्या तर कंपनी दोन्ही उडवते. सोडायची तर आधी सोडावी लागेल."

शहाण्या माणसाने तिथूनच घरी जायचं असतं, हे बोंग-सुनलाही कळत होतं. पण डोळ्यांसमोर तो ससा रडत होता.

"सोडा," ती म्हणाली.

सकाळी साडेनऊला तकचा फोन आला. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार, शुक्रवार, सगळं भरलं. टोकियोमार्गे एक जागा आहे, शनिवारी सकाळी साडेदहाला पोचते. कार्यक्रम दुपारी एकला, म्हणजे जमेल. भाडं मात्र जुन्यापेक्षा चढं आहे.

"किती चढं?"

तकने आकडा सांगितला. त्यात वाचलेले बासष्ट हजार कुठे बुडाले ते कळलंसुद्धा नाही.

तिने ते तिकीट काढलं, दुसरं करणार काय? दुपारी ग्रुपवर विहीणबाईंचा फोटो आला. तिकिटाचा. "काय नशीब बघा! रात्री बारा वाजता बसले तर बुधवार भरलेला, पण मंगळवारी एकच जागा मोकळी दिसली. कुणीतरी बिचाऱ्याने ऐन वेळी सोडली असणार. खिडकीसुद्धा!"

बेचाळीस अ.

बोंग-सुनच्या अंगाचा तिळपापड झाला. दोक-जा हसायला लागली, मग हिचा चेहरा बघून थांबली, आणि न विचारता गरम बार्लीचा चहा आणून ठेवला. "सांगणार आहेस तिला?"

"मेले तरी नाही."

मे उजाडला. त्या मंगळवारपासून शनिवारपर्यंत ग्रुपवर रोज फोटो. विहीणबाई बाळाला भरवताहेत. विहीणबाई बाळाला घेऊन बागेत. विहीणबाई पियानोवर आणि बाळ मांडीवर. बोंग-सुन प्रत्येक फोटो मोठा करून बघायची, बाळ कंटाळलेलं दिसतंय का ते. एकातही दिसलं नाही.

टोकियोला विमान पाच तास रखडलं. बोंग-सुन हातात हानबोकची पिशवी धरून बसून राहिली, सामानात टाकायचा तिला धीर झाला नव्हता. यु-रिमचा फोन आला.

"आई, पाहुणे एक वाजता येणार. तू चारच्या आधी येत नाहीस. थांबायचं म्हटलं तर रा-ओन झोपून जाईल गं."

मागून विहीणबाईंचा आवाज ऐकू आला. "मी तर म्हणते थांबू या. विहीणबाईंना किती वाईट वाटेल."

त्या बोलल्या नसत्या तर बोंग-सुनने 'थांबा' म्हटलं असतं. आता त्यांच्या मेहेरबानीने थांबायचं? "नका थांबू," ती फटकन म्हणाली. "बाळाला रडवू नका माझ्यासाठी." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच केलं, हातातली जागा सोडली.

ती पोचली तेव्हा टेबल आवरून झालं होतं. बाळाने चेंडू उचलला होता. जावई ते-ह्योक व्हिडिओ दाखवत होता. व्हिडिओत भाड्याने आणलेल्या हानबोकमध्ये रा-ओन बसला होता आणि त्याच्या मागे, आधाराला हात देऊन, विहीणबाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी यु-रिम आणि ते-ह्योक सामान आणायला बाहेर गेले तेव्हा बोंग-सुनने बाळाला स्वतः शिवलेला हानबोक घातला. बाही अर्धं बोटही इकडेतिकडे नव्हती. दिवाणखान्यात चटई पसरून तिने दोरा, पेन्सिल, नोट आणि चेंडू पुन्हा मांडले. विहीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"परत करताय? करा की," त्या म्हणाल्या, आणि चटईच्या पलीकडच्या टोकाला येऊन बसल्या.

बोंग-सुनने बाळाला सोडलं. ते रांगत निघालं. दोऱ्याशी थांबलं नाही, नोटेवर गुडघा देऊन गेलं, चेंडू हाताने बाजूला सारला, आणि सरळ जाऊन विहीणबाईंच्या मांडीवर चढलं.

विहीणबाईंनी हसायचं टाळलं, अगदी कष्टाने. "पाच दिवस झाले ना मला येऊन," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही ओळखेल हो."

पाच दिवस. बोंग-सुन उठली आणि तिने बाळ सरळ काढून घेतलं. त्याने पाठ ताठ केली, विहीणबाईंकडे हात पसरले आणि टाहो फोडला.

"द्या, द्या इकडे. ओळख नाही ना अजून, घाबरतंय."

"नाही देणार," बोंग-सुन म्हणाली. नव्या हानबोकच्या खांद्यावर लाळ आणि पाणी एक होत होतं. "हसू तुमच्याकडे झालं, विहीणबाई. रडू तरी माझ्याकडे होऊ द्या."

विहीणबाईंनी पुढे केलेले हात मागे घेतले. बोंग-सुन बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली, आणि ते रडून थकेपर्यंत पाठ वळवून उभी राहिली.