उपवासाच्या दिवशी मी काय खात होतो

भर लग्नात, ऐन लाजाहोमाच्या वेळी भटजी उठून पळालेले तुम्ही कधी पाहिलेत का? अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात जमलेल्या झाडून सगळ्या वऱ्हाडाने पाहिले आहेत. ते भटजी म्हणजे मी. नवरीचा भाऊ ओंजळीत लाह्या धरून उभा, नवरा-नवरी एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत आणि मी धोतर सावरत मागच्या बोळाकडे निघालोय. परत आलो तेव्हा होम विझत आला होता आणि नवऱ्याचा मामा व्हिडिओवाल्याला सांगत होता, "हे नको घेऊ बापा."

माझ्या मोठ्या आतड्याला सूज आहे. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं की हा आजार मुळापासून जात नाही, पण काबूत राहतो. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. सूज निवली की मी तुमच्यासारखाच माणूस. उसळली की दिवसात दहा-दहा फेऱ्या, रक्त, आणि पोटात अशी कळ की मंत्राचा पुढचा शब्द आठवत नाही. आणि आमचं काम तर बसण्याचं. एकदा पाटावर बसलं की शेवटची अक्षत पडेपर्यंत उठायचं नाही, हे मला वडिलांनी मुंजीच्या आधीपासून शिकवलेलं.

त्या लग्नानंतर मी लग्नं घेणं जवळजवळ सोडलं. सत्यनारायण तेवढा करायचो, तोही पाची अध्याय एका दमात. नव्या घरी पूजेला गेलो की देव कुठे मांडलाय हे नंतर बघायचो, आधी संडास कोणत्या बाजूला ते बघायचो.

अशात अकोल्याहून पुतणीचा फोन आला. धाकटा भाऊ तिथे वकील आहे, त्याची ही एकुलती एक मुलगी. लग्न ठरलं होतं. म्हणाली, "मोठे बाबा, लग्न तुमीच लावायचं. दुसरे गुरुजी आले तर मी पाटावर बसतच नाई, सांगून ठेवते."

मी घाबरून हो म्हणून बसलो. फोन ठेवला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सकाळच्या पुण्याहवाचनापासून सप्तपदीपर्यंत पाच तास! बायकोला म्हटलं, "हे एक लग्न मला शेवटपर्यंत बसून लावता आलं तर ठीक. नाही तर पंचांग गुंडाळून ठेवतो आणि भिक्षुकी सोडतो." तिला ठाऊक होतं की मी धमकी देत नव्हतो.

खाण्यावर माझा संशय पहिल्यापासूनच होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काय खाता आणि काय होतं ते लिहून ठेवा. वही कोण शोधणार? मी पंचांगातच लिहायला लागलो. तिथीसमोर बारीक अक्षरात जेवणाचा तपशील आणि त्रास झाला की लाल फुली. एवढा शिस्तीचा रोगी डॉक्टरांना दुसरा मिळाला नसेल, असं मला वाटायचं. त्या फुल्यांवरून मी तपास केला आणि गुन्हेगार पकडले. द्वादशीला उपवास सोडताना वरण-भात खाल्ला की फुली. म्हणजे तुरीचं वरण दोषी, बंद. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी फुली. आदल्या रात्री चंद्र बघून वांग्याची भाजी आणि पोळी खाल्लेली. दोन्ही बंद. वरूडच्या एका यजमानांनी संत्र्यांची पेटी पाठवली होती. प्रदोष सोडताना दोन संत्री खाल्ली आणि सकाळी फुली उमटली, तर अख्खी पेटी मी शेजाऱ्यांना वाटून टाकली. अमरावतीत राहून ऐन मोसमात संत्रं न खाणारा माणूस मी एकटाच असेन.

शेवटी माझ्या ताटात मीठ-भात आणि दुधी एवढंच उरलं. तरी फुल्या थांबेनात. मग मला आणखी एक अक्कल सुचली. पोटाला विश्रांती द्यावी म्हणून मी सोमवार आणि गुरुवार धरले. म्हणजे एकादशी, संकष्टी, प्रदोष, सोमवार, गुरुवार. महिन्याचा अर्धा भाग उपवास! पंचांग लालेलाल झालं, धोतर कमरेवर टिकेना. बायको म्हणाली, "तुमचं आता उरलं काय?" मी तिलाच ओरडलो. त्या दिवसांत मी फार ओरडायचो.

भावानेच सुचवलं की अकोल्याला एक आहारतज्ज्ञ बाई आहे, तिला एकदा दाखव. मला ते बरं वाटलं, कारण अमरावतीत गेलो असतो तर बाहेरच्या बाकड्यावर माझेच यजमान बसलेले असायचे. बायकोला घेऊन बदनेऱ्याहून गाडी धरली. बसने मी जात नाही. रेल्वेत निदान डब्याच्या टोकाला सोय असते.

बाई कसली, पोरगीच होती. शेतकऱ्याच्या घरची, हातावर पेनाची शाई, बोलणं रोखठोक. तिने माझं पंचांग उघडलं, बराच वेळ पानं उलटली आणि विचारलं, "काका, हे 'उ.' काय लिहून राहिले तुमी जागोजागी?"

"उपवास."

"मंग त्या दिवशी काय खाता?"

"काही नाही. उपवास असतो."

"काईच नाई?"

"उपवास असतो म्हटलं ना!" माझा आवाज चढला. भटजीला उपवासाचा अर्थ विचारते म्हणजे काय!

बायको इतका वेळ पंख्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "सकाळी साबुदाण्याची उसळ. दोन वाट्या. वरून दाण्याचा कूट वेगळा लागते यायले, अन् हिरवी मिरची झणझणीत. दुपारी भगर अन् दाण्याची आमटी. चार वाजता आलूचा चिवडा, तळलेला. संध्याकाळी दाण्याचे लाडू. दिवसाआड उपास म्हटल्यावर मी डबाच भरून ठेवते."

मी खोटं बोलत नव्हतो हो. शपथेवर सांगतो. आमच्या घरात खाणं म्हणजे पोळी, वरण, भात, भाजी. उपवासाचं जे असतं तो फराळ. फराळ खाण्यात कोण धरतो? आजवर चार डॉक्टरांनी मला काय खाता म्हणून विचारलं आणि चौघांनाही मी अगदी प्रामाणिकपणे फराळ सोडून सगळं सांगितलं होतं.

पोरगी हसली नाही, हे तिचे उपकार. तिने फक्त विचारलं, "त्रास बहुतेक कोन्त्या तिथीले होते?"

"द्वादशीला."

"अन् द्वादशीच्या आदल्या दिवशी काय येते, काका?"

अहो, जन्मभर लोकांना तिथ्या सांगून पोट भरलेला माणूस मी! मान खाली घालून म्हणालो, "एकादशी."

परतीच्या गाडीत मला खिडकीशी जागा मिळाली. पंचांग मांडीवर घेतलं आणि प्रत्येक लाल फुलीपासून एक दिवस मागे बोट सरकवत गेलो. उ. आणखी एक, उ. पुन्हा उ. मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या अंगावर काटा आला होता. मी इतक्या मोठ्याने "सापडलं!" म्हणून ओरडलो की समोरच्या बाईने सीटखाली आपली पिशवी चाचपली. सहा-सात महिने मी पारण्याच्या ताटाला शिक्षा देत होतो, आणि करणारा आदल्या दिवशीच करून गेलेला! बायकोला म्हटलं, "तू आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तुमी आधी कधी विचारलं होतं का मले?" मला इतका आनंद झाला होता की अपमानसुद्धा गोड लागला.

पोरगीने एकादशी सोडायला सांगितलं नाही. शेंगदाणा, मिरची आणि तळण तेवढं सोडा म्हणाली. उपवासाला केळं, मऊ शिजवलेली भगर, दुधी. सोमवार-गुरुवार मी आपणहून सोडले. दहा दिवसांत फेऱ्या निम्म्यावर आल्या. पंधराव्या दिवशी पंचांगात पहिल्यांदा सलग पाच घरं कोरी दिसली आणि मी ती बायकोला तीनदा दाखवली.

मग एकेक पदार्थ परत तपासायचा होता, मध्ये तीन-तीन दिवस सोडून. आधी साबुदाणा, नुसता तुपावर, कूट न घालता. काहीच झालं नाही. मला वाईटच वाटलं, कारण त्याला मी गाडीभर शिव्या दिल्या होत्या. मग भाजलेल्या शेंगदाण्यांची एक मूठ. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत चार फेऱ्या! चौथ्या फेरीनंतर मी दारातूनच आनंदाने ओरडलो, "चार झाल्या गं, चार!" बायकोला वाटलं, माझं डोकं फिरलं. खरंच, पोट बिघडल्याचा इतका हर्ष पृथ्वीवर दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

सगळ्यात शेवटी वरण. अगदी मऊ शिजवलेलं, घोटलेलं तुरीचं वरण, भात, लिंबू. पहिला घास घेतला आणि मला रडूच आलं. साध्या वरण-भाताला माणूस इतका मुकू शकतो, हे मला माहीत नव्हतं. तीन दिवस वाट पाहिली. फुली नाही. चौथ्या दिवशी बाजारात जाऊन मी संत्री घेऊन आलो, आणि तीही पचली.

मग मी काय करावं? दिसेल त्याला शेंगदाणा सोडायला सांगत सुटलो. दूधवाल्याला सांगितलं, गुडघेदुखीवाल्या यजमानीणबाईंना सांगितलं, भावाच्या पक्षकाराला फोनवर सांगितलं. पोरगीच्या कानावर गेलं तेव्हा तिने मला चांगलंच झापलं. "काका, हे तुमच्या पोटाचं हाये, गावाच्या पोटाचं नाई. अन् सूज काई शेंगदाण्यानं नाई आली. सूज चढली असली का तो बोचते, एवढंच. गोळ्या बंद केल्या तर याद राखा." गोळ्या बंद करायचा विचार माझ्या मनात आला होता, हे तिला कसं कळलं कोण जाणे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि हसून म्हणाले की थोडं श्रेय माझ्या औषधालाही राहू द्या.

लग्नाचा मुहूर्त निघाला द्वादशीचा. म्हणजे अकोल्याला पोचलो ती एकादशी. भावाकडे सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं आणि गुरुजींसाठी म्हणून खास पातेलंभर उसळ, वर कुटाचा ढीग. आमच्या आत्याने स्वतःच्या हाताने केलेली. मी म्हटलं, "आत्या, मी केळं खाईन." तिने कपाळाला हात लावला. "एकादशी मोडली काय रे तुनं?"

"मोडली नाही, आत्या. आता कुठे करायला लागलोय."

ती रुसली. मला वाईट वाटलं, आणि उसळीचा तो वास, खरं सांगतो, जीवघेणा होता. पण मी केळं सोललं.

सकाळी पाटावर बसलो. कार्यालयात आल्या आल्या बायकोने मागच्या दाराची कडी काढून ठेवली होती. तिथेच, त्या दाराशी, खुर्ची टाकून ती बसली, म्हणजे मी उठलोच तर वाट मोकळी असावी. पुण्याहवाचन झालं. मंगलाष्टकं झाली, आवाज लागला, मोकळा लागला. कन्यादान झालं. भाऊ, कोर्टात कोणाचं न ऐकणारा माणूस, मी सांगेन ते मान खाली घालून म्हणत होता. होम पेटला. पुतणीच्या ओंजळीत लाह्या पडल्या.

आणि पोटात काहीतरी हललं.

मी थांबलो. मंत्राचा शब्द अर्ध्यावर राहिला. पुतणीने ओंजळ तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. भावाचा चेहरा उतरला. बायको उठून उभी राहिली, तिने दार उघडलंसुद्धा. मी डोळे मिटून पोटाकडे लक्ष दिलं. कळ अशी नसते. कळ पिळते, खाली ओढते. हे वर होतं, पोकळ होतं, जरा गुरगुरत होतं. ओळखीचं होतं, पण ओळख लागायला वेळ लागला, इतक्या दिवसांनी आलं होतं ते.

मी डोळे उघडले, अर्धा राहिलेला शब्द पुरा केला आणि लाह्या होमात टाकायला सांगितल्या. मग सातही पावलं पडली. एकेका पावलाचा मंत्र मी सावकाश, अर्थासकट सांगितला. शेवटची अक्षत पडल्यावर पुतणी पाया पडायला वाकली ती उठेचना. माझ्या पायांवर डोकं ठेवून रडत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही रडत होतो, आणि पाटावरच होतो.

बायको धावत आली. "मघाशी काय झालं होतं हो? माझा तर जीवच गेला होता."

"काही नाही," मी म्हटलं, "भूक लागली होती."

ती पदराने डोळे पुसत, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, पंगत वाढणाऱ्यांना ओरडून म्हणाली, "आधी यायचं पान वाढा रे! यायले भूक लागली!"