मोतीरामचे बावीस आटे

मोतीराम व्हॉल्व्हमनला टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळालाय, आणि तोही आमचं पाणी विकून. ही बातमी कॉलनीत पहिल्यांदा कुणी सोडली ते मला विचारू नका. मी फक्त पुढे पोचवली. पोचवताना तिसऱ्याचा सातवा मजला झाला असेल, तर तेवढं चालायचंच.

मखमलाबाद रस्त्याला आमच्या कॉलनीला लागून द्राक्षबाग होती. ती तोडून अकरा मजले उभे केले आणि नाव ठेवलं ‘द्राक्षवेल हाइट्स’! एकशे बत्तीस बिऱ्हाडं आली, पाइपलाइन मात्र जुनीच, आमचीच. बालवाडीत पोरं मांडीला मांडी लावून बसू लागली, दवाखान्याची रांग रस्त्यावर आली, ते आम्ही सोसलं. पण नळाची धार करंगळीएवढी झाल्यावर कुणीतरी चोर हवाच होता.

मोतीराम आयताच होता. सकाळी सहाला तो कोपऱ्यावरच्या चेंबरमध्ये लांब चावी घालून व्हॉल्व्हचे बावीस आटे फिरवायचा. बावीस, हे कॉलनीला पाठ. समोरच्या कुसुमताई गॅलरीत जपमाळ घेऊन उभ्या राहू लागल्या. जपाला नव्हे, आटे मोजायला.

“नाना, आज एकोणीसच!”

“विसाव्याला सूनबाईंनी तुम्हाला चहाला हाक मारली असेल.”

“थट्टा पुरे. पाणी सोडून झालं की तो जातो कुठे, ते पाहिलंत का?”

पाहिलं होतं. सरळ टॉवरच्या गेटात. वॉचमन जमील आम्हाला वहीत सही करायला लावायचा, याला मात्र नुसत्या मानेनं आत घ्यायचा. पंधरा मिनिटांनी मोतीराम बाहेर यायचा तेव्हा सायकलच्या दोन्ही बाजूंना गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं असायचं.

एकदा मी त्याला अडवलंच. “काय मोतीराम, नव्या फ्लॅटचं सामान का?”

“असं बोलू नका, नाना. कंत्राटी माणूस हाय मी. वर कळलं तर काढून टाकतील.”

“मग उघड की गोणपाट.”

“नाय, नाना.” आणि पायडल मारून गेला. आता तुम्हीच सांगा, सरळ माणूस असा पळतो?

अर्ज मीच लिहिला. अक्षर चांगलं आहे ना! ‘रोज तीन आटे टॉवरला विकले जातात.’ एक्केचाळीस सह्या, पहिली कुसुमताईंची. सोमवारी मोतीरामला कामावरून काढलं.

मंगळवारी नवा माणूस आला. कुसुमताईंनी मोजले, बरोबर बावीस. धार तेवढीच, करंगळीची.

“हाही टॉवरवाल्यांना मिळालेला दिसतोय,” कुसुमताई म्हणाल्या.

मलाही तेच वाटलं. आठवडाभर मी पाळत ठेवली. पण हा गडी टॉवरकडे फिरकतही नव्हता. मग मीच तिकडे गेलो, वहीत सही केली आणि जमीलला सातव्या मजल्याचं विचारलं.

“कसला फ्लॅट, नाना?” त्यानं केबिनमागचा नळ दाखवला. “लाजायचा बिचारा. म्हणून तर झाकून न्यायचा.”

मोतीरामचं घर आमच्याच पाइपलाइनच्या शेवटच्या गल्लीत आहे. टॉवरचा पंप लागला की तिथे पाणी पोचत नाही. तो रोज त्या नळावर प्यायच्या पाण्याचे दोन कॅन भरून घरी न्यायचा.