गुरुपादप्पांचं नाक

लातूरला नांदेड रोडवर गुरुपादप्पा मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय हो, चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि मागं दोन खोल्यांचं घर. पण जुन्या जीपा उदगीरहून यायच्या, मुखेडहून यायच्या, पार लोह्याहूनही यायच्या. इतक्या लांबून लोक कशाला येत? तर गुरुपादप्पांच्या नाकासाठी.

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्रीच्या नाकाचं काय एवढं कौतुक? सांगतो, जरा दम धरा. जुन्या जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो दातेरी चक्रांचा गोल डबरा असतो, त्याला उग्र, गंधकाचं तेल लागतं, कारण तिथं दातावर दात घासतात. मधल्या गिअरबॉक्सला मात्र साधंच तेल हवं. त्यात पितळी कड्या असतात, आणि गंधकाचं तेल त्या कड्या हळूहळू खातं. बरं, दोन्ही तेलं नव्वद नंबरची, दोन्ही मधाच्या रंगाची, बोटात धरून ताणली तर दोन्हींची तार सारखीच. बाजारात दोन्ही सुटी मिळायची, डब्यावर काही लिहिलेलं नसायचं. फरक काय तो वासात. गुरुपादप्पा झाकण काढायचे, डोळे मिटून एकदा हुंगायचे आणि सांगायचे, हे मागचं, हे मधलं. दुसरे मिस्त्री डब्यांना रंग लावून ठेवत. गुरुपादप्पांना त्याचा राग यायचा. "रंग बघून तेल वळखायचं तर रंगारी बोलवा की, मिस्त्री कामून पाहिजे?" असा त्यांचा तोरा.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वाटणीत जे काही आलं, त्यात एक म्हातारी जीप होती. धाकट्या भावाला पोचे पडलेली भांडी मिळतात, तसलाच प्रकार. ती हातपंप दुरुस्त करणाऱ्या पथकाला दिली होती. तिचा ड्रायव्हर निवृत्ती रेणापूरकडची खेडी तिच्यावरून पालथी घालायचा. जिल्हा झाल्यावर चार वर्षांनी दुष्काळ पडला आणि त्या जीपला बसायला वेळ राहिला नाही. लातुरात टँकर दर पाचव्या दिवशी यायचा, घराला सहा घागरी. त्यात गुरुपादप्पांची लेक रुद्राणी पहिल्या बाळंतपणाला दिवाळीपासूनच माहेरी आलेली. कमलम्मा, म्हणजे गुरुपादप्पांची बायको, पाणी असं वाढायची जसं तूप वाढावं.

चैत्रातल्या एका सकाळी निवृत्ती जीप घेऊन आला. "अप्पा, दुसरा गिअर पडंना. निस्ता करकर करून राहिलाय. संक्रांतीनंतर तुमीच तर तेल बदललं."

गुरुपादप्पा जीपखाली शिरले, गिअरबॉक्सचा बोल्ट काढला आणि तेल घमेल्यात सोडलं. उन्हात ते चमचम करत होतं. पितळेचा कीस होता तो. कमलम्मा चहा घेऊन येत होती, ती तीन पावलांवरच थबकली. विझलेल्या आगकाडीसारखा वास तिच्या नाकात शिरला. ती उदगीरच्या तेलाच्या घाण्यावर लहानाची मोठी झालेली, तिला काय सांगायचं? मागच्या डबऱ्याचं तेल मधल्या गिअरबॉक्समध्ये गेलं होतं.

गुरुपादप्पांनी घमेल्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग घसा खाकरून म्हणाले, "तेलात भेसळ हाय. शिवप्पानं मिसळून दिलं."

शिवप्पाचं गोलाईच्या बाजारात तेलाचं दुकान होतं. वीस वर्षांची ओळख, आणि माणूस असा सरळ की माप कधी तिरकं धरलं नाही.

निवृत्तीचं डोकंच फिरलं. "आमच्या हाफिसाचं समदं तेल त्यांच्याकडूनच येतंय. उद्या सकाळी सायबाला सांगून बंदच करायला लावतो." जीप तिथंच सोडून तो निघून गेला. गुरुपादप्पा त्याला थांब म्हणाले नाहीत, आणि कमलम्माला तेच झोंबलं. तीस वर्षांच्या संसारात या माणसाला खोटं बोलताना तिनं पाहिलं नव्हतं.

दुपारभर तिला एकेक आठवत गेलं. मागल्या आठवड्यात दूध करपलं, तर अप्पांनी ते गुमान पिऊन टाकलं. पाडव्याच्या पोळीवर घरचं तूप वाढलं, एरवी दारातून ओळखणारा माणूस, त्या दिवशी हूं की चूं नाही. तिला वाटलं होतं, पोरीची काळजी असेल.

जेवणं झाल्यावर तिनं एक वाटी त्यांच्यापुढं धरली. "डोळे मिटा आन् सांगा, काय हाय."

"काय पोरखेळ लावला कमला."

"सांगा तर."

त्यांनी हुंगलं, वाट पाहिली, पुन्हा हुंगलं. "करडई," ते म्हणाले.

वाटीत रॉकेल होतं.

त्यांनी डोळे उघडले, वाटीकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. खाली बघूनच म्हणाले, "पौषात कमी कमी झालं. आता काईच येत न्हाई. डाक्टर म्हणला, रॉकेलनं बी होत असंल. परत येईल, न येईल."

"रॉकेलनं कसं?"

"हात त्यानंच धुतो ना मी. तोंड बी त्याच फडक्यानं पुसतो. मिस्त्रीच्या हाताला बादलीभर पाणी जातंय. म्हटलं, ऱ्हाऊ दे, पोरीला लागंल."

सगळा हिवाळा कमलम्मा या माणसाला बोलत आली होती, उशीला रॉकेलचा वास मारतोय म्हणून. मिस्त्री आळशी झाला म्हणून रुद्राणीजवळ हसलीसुद्धा होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "आन् शिवप्पाचं?"

"खरं सांगितलं तर नाक गेलेल्या मिस्त्रीकडं जीप कोण आणंल? ह्याच्याबिगर मला दुसरं येतंय काय?"

"न्हाई सांगितलं तर शिवप्पाचं नाव जाईल."

त्यांनी वाटी दूर सारली. तिनंही पुढं रेटलं नाही. "मी कुणापाशी तोंड उघडणार न्हाई. तुमचं तुमी ठरवा," एवढं म्हणून तिनं भरली घागर उचलली आणि साबण काढला. ते नको नको म्हणत मागं सरले, तर रुद्राणी आतून जड अंगानं उठून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "द्या की हात, अप्पा," म्हणाली आणि तांब्यानं पाणी घालू लागली. भेगाळलेल्या बोटांना साबण झोंबत होता, तरी हात मागं घ्यायचं त्यांच्यानं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती हाफिसात जायच्या आधी जीप बघायला आला. गुरुपादप्पा लिंबाखाली उभेच होते.

"हाफिसात काई सांगू नको. शिवप्पाचं तेल बिलकुल खरं हाय. डबा माझ्या हातून चुकला. मला वास येत न्हाई आता. कड्या मी बदलून देतो."

निवृत्ती जीपच्या बॉनेटला टेकला. मग हळूच म्हणाला, "अप्पा, पर आता तेल कोण बघंल?"

याच प्रश्नाला ते रात्रभर भीत होते. त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "कमला, जरा भाईर ये."

चहा ठेवून मागं फिरण्यापलीकडं कमलम्मा कधी गिऱ्हाइकापुढं उभी राहिली नव्हती. गुरुपादप्पांनी दोन्ही डब्यांची झाकणं काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं पदर सावरला, एकेक हुंगलं. "हे मधलं," ती म्हणाली.

निवृत्तीनं अप्पांकडं बघितलं. "नक्की?"

"मी सांगायचो त्याच्याहून नक्की. ही घाण्यावर वाढलेली हाय."

कड्या बदलायला दोन दिवस लागले. तेल कमलम्मानं दाखवलं तेच पडलं, आणि डब्यांना रंगही लागला. तो गुरुपादप्पांनी स्वतः लावला, मुकाट्यानं. खबर पसरायची ती पसरलीच. तीन-चार गिऱ्हाइकं तुटली. बाकीची येत राहिली आणि आल्या आल्या विचारू लागली, काकू घरी हायत का?

ज्येष्ठात रुद्राणी बाळंत झाली, मुलगी झाली. बाराव्या दिवशी गुरुपादप्पांनी नात मांडीवर घेतली, वाकले आणि तिच्या टाळूला नाक लावलं. लावलं ते काढीनातच. घरातल्यांना वाटलं, आजोबा लाड करतायत. कमलम्माला वाटलं नाही. ती हातातलं काम टाकून त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"कसा हाय गं?" त्यांनी तिच्यापुरतं विचारलं.

तिनं वाकून हुंगलं. "दुधाचा हाय. जरासा वेखंडाचा. आन् टाळूपाशी... आपल्या रुद्राणीला तुमी पयल्यांदा घेतलं होतं ना, तवा तिचा यायचा, तसाच."

त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं.

"हां," ते म्हणाले. "आठवला."