बोकडाचा होकार

मी मटण खाते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला माळकरी समजेल. सेलूच्या दुकानात दर रविवारी उभी राहून ‘चरबी कमी घाला’ म्हणत दुकानदाराशी हुज्जत घालणारी बाई आहे मी. तिथं धड टांगलेलं असतं, आपण बोट दाखवतो, तो तोडून देतो. त्या जनावराला कुणी काही विचारलेलं नसतं आणि विचारल्याचं सोंगही कुणी आणत नाही. माझं भांडण आहे ते त्या सोंगाशी.

आमचं गाव पाथरी तालुक्यातलं. मी सेलूला शाळेत शिकवते, धाकटा भाऊ गावी शेती बघतो आणि आई त्याच्याजवळ असते. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी भावाला मूल नव्हतं, तेव्हा आईनं शिवेवरच्या मसोबाला बोकड कबूल केला. मुलगा झाला, तो वर्षाचा झाला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी सोय बघून कंदुरी ठरली. म्हणजे देवापुढं बोकड कापायचा, तिथंच चुली मांडून शिजवायचा आणि दिवस मावळायच्या आत तिथंच संपवायचा. घरी एक तुकडाही न्यायचा नाही. सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आलेलं जनावर दुपारी पत्रावळीवर असतं. लोक मिटक्या मारत सांगतात, कंदुरीच्या मटणाला तोड न्हाई, लय ताजं असतंय.

पण कापायच्या आधी बोकडाला विचारायचं असतं. त्याच्या कपाळाला कुंकू लावतात, गळ्यात हार घालतात आणि डोक्यावर, पाठीवर हळदीचं पाणी शिंपडून सगळे वाट बघत उभे राहतात. त्यानं अंग झाडलं की देवानं पत्करलं. माझे थोरले चुलते याच्या एक पाऊल पुढं जातात. ते म्हणतात, बोकड स्वतःच हो म्हणतो. तोपर्यंत सुरीला हात लावायचा नाही. आणि त्यानं अंग झाडलंच नाही, तर घरातल्या कुणाच्या तरी मनात खोट आहे असं धरतात. मग घरातल्या एकेकानं पुढं यायचं, त्याच्यावर ओंजळभर पाणी घालायचं आणि जे काही चुकलंमाकलं असेल ते सगळ्यांसमोर कबूल करायचं.

लहानपणापासून मी हे बघत आले होते. त्या सकाळी मात्र मला राहवलं नाही. लिंबाखाली सतरंजीवर चुलते पानाला चुना लावत बसले होते. मी म्हटलं, “काका, खायचं तर खुशाल खा. पण त्याच्याकडून हो म्हणवून कशाला घेता? पाणी टाकल्यावर कुणीही अंग झाडेल.”

“आक्का, शाळेतलं शाळेत ठिव,” ते म्हणाले. “जनावर राजी नसंल तर आमी हात लावत न्हाई. तुझ्या त्या दुकानात कोण इचारतंय त्याला? तिथलं बरं खातीस.”

हे उत्तर मला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. मी पुढं काहीतरी बोलणार होते, पण आईनं डोळे वटारले. चाळीस-पन्नास पाहुण्यांत गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची माझी जुनी खोड आहे.

बोकड तांबूस रंगाचा होता, चांगला पोसलेला. त्याला मी त्या सकाळीच पहिल्यांदा बघत होते, तेव्हा माया-बिया लागली होती म्हणायचं कारण नाही. मसोबाच्या शेंदरी दगडापुढं त्याला उभा केला. काकांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं. बोकडानं मान वळवली आणि गळ्यातल्या हारातली झेंडूची फुलं खायला सुरुवात केली. सगळे हसले. काकांनी पुन्हा शिंपडलं. त्यानं दुसरं फूल तोडलं.

अर्ध्या तासानं कुणी हसत नव्हतं. ऊन असं होतं की पाठीवर टाकलेलं पाणी बघता बघता वाळत होतं. तीन दगडांच्या चुलींवर आधण उकळत होतं, बायकांनी भाकरीची चवड रचली होती, आणि बोकड गप्प उभा. कापण्यासाठी बोलावलेले मुलाणी चाचा फडक्यात सुरी गुंडाळून बाभळीच्या सावलीला बसले होते. ते एकदा म्हणाले, “जरा सावलीला घ्या त्याला. उनानं बधिर झालंय जनावर.” त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मग कबुली सुरू झाली. काकांनी पाणी घातलं आणि म्हणाले, यायला उशीर केला, माफ कर. आईनं घातलं, नवस फेडायला वर्ष लावलं म्हणून गालफडात मारून घेतलं. भाऊ पुढं आला. “काय चुकलं असंल तर माफ कर,” एवढं पुटपुटला आणि मागं सरकला. बोकड तसाच.

राहिली भावजय. कडेवर लेकरू घेऊन ती बायकांच्या मागं उभी होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

इथं मला माहीत असलेली एक गोष्ट सांगायला हवी. परभणीच्या डॉक्टरांकडं त्या दोघांना मीच घेऊन गेले होते. सेलूला माझ्या घरी येऊन-जाऊन राहत त्यांनी दोन वर्षं उपचार घेतले आणि सगळे रिपोर्ट अजून माझ्या कपाटात आहेत. दोष भावात होता. औषधं त्यानं घेतली, ती लागू पडली आणि मूल झालं. मूल त्याचंच, अगदी त्याच्या नाकाडोळ्यांचं. पण आधीची नऊ वर्षं गावानं वांझ म्हटलं ते तिला. हळदीकुंकवाला, डोहाळेजेवणाला तिला वगळलं जायचं आणि आई ते निमूट चालू द्यायची. भावानं तिच्याकडून आणि माझ्याकडून शब्द घेतला होता, गावात हे कळू द्यायचं नाही. तिनं शब्द पाळला. मीही पाळला. मला तो पाळायला काहीच मोजावं लागलं नव्हतं.

भावजयीनं पाणी घातलं. आई म्हणाली, “तू मनात म्हणतीस ना, लेकरू दवाखान्यानं दिलं म्हणून? म्हण देवापुढं, देवानं दिलं.”

“देवानं दिलं,” ती म्हणाली.

बोकड हलला नाही. तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग धाकटी चुलती, जिला दुसऱ्याच्या घरातला केर बरोबर दिसतो, ती पदर सावरत पुढं आली. “दवाखान्यात काय काय करायलेत आजकाल. कुणाचं काय कुणाला घालतेत, कुणाला ठाव! बाईच्या मनात काय हाय ते बाईलाच ठाव. आसंल ते सांगून मोकळी हो माय, माणसं उपाशी हायत.”

या बोलण्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. एका वर्षाच्या त्या लेकराच्या बापाचं नाव आता एका मुक्या जनावराच्या पाठीवर ठरायचं होतं. आणि बाप मूग गिळून उभा होता. पायातल्या चपलेनं ढेकूळ फोडत होता. एक वाक्य बोलला असता तर सगळं संपलं असतं. मला त्याची इतकी चीड आली की अजून आठवलं तरी कानशिलं तापतात. पण मीही बोलले नाही. पंचवीस वर्षं पोरांना ‘खरं बोलावं’ शिकवणारी मी, भावाची अब्रू जाईल म्हणून गप्प.

भावजयीनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिनं भावाकडं सरळ बघितलं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, ही आता सगळ्यांपुढं रडणार.

मी पुढं होऊन तिच्या हातातला तांब्या घेतला. “खोट माझ्या मनात आहे,” मी मोठ्यानं म्हणाले. “सकाळी मीच वेडंवाकडं बोलले.”

माणसांना बरंच वाटलं. शिकलेली बाई वाकली की सगळ्यांनाच बरं वाटतं. मी बोकडाजवळ गुडघ्यावर बसले, माया केल्यासारखा डावा हात त्याच्या मानेभोवती टाकला आणि दोन बोटांत त्याचा कान धरला. लहानपणी आम्ही शेळ्यांच्या कानात गवताच्या काड्या घालून गंमत बघायचो. शेळी असो की बोकड, कानात काही गेलं की त्याला अंग झाडावंच लागतं. तिथं राजी असण्या-नसण्याचा प्रश्न नसतो. मी तांब्याची धार सरळ त्याच्या कानात सोडली.

तो शिंगांपासून शेपटीपर्यंत हादरला. माझ्या तोंडावर, चष्म्यावर पाणी उडालं.

“मसोबाच्या नावानं चांगभलं!” पन्नास जण एका आवाजात ओरडले. आईनं माझी अलाबला घेतली. काका म्हणाले, “बगा, मन साफ झालं की कसा हो म्हणला.” चुलती हसत हसत चुलीकडं गेली, जणू ती काही बोललीच नव्हती.

पुढचं काम मुलाणी चाचांनी झटक्यात केलं. त्यांचा हात हलका आहे आणि जनावराशी ते वाईट वागत नाहीत, एवढं मी म्हणेन. कापायच्या आधी त्यांनी त्याला वाटीतलं पाणी पाजलं. त्या तासाभरात त्याच्या अंगावर कितीतरी तांबे ओतले गेले होते, पण प्यायला द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

थोड्या वेळानं मीठ-हळद लावायला मटणाची परात माझ्या आणि भावजयीच्या पुढं आली. दुकानातलं मटण थंड असतं, गप्प असतं. हे कोमट होतं. मीठ चोळलं तसं मांडीच्या एका तुकड्याचं मांस माझ्या बोटांखाली थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं. मी हात मागं घेतला. चुलती डोकावून म्हणाली, “बगा कसं नाचायलंय अजून! लय ताजं हाय.” भावजयीनं माझ्याकडं बघितलं नाही. ती चोळत राहिली.

मी जेवले. घरच्यांनी प्रसाद नाकारायचा नसतो. येसराचा मसाला घालून केलेला रस्सा होता, भाकरी गरम होती. चव फार चांगली होती. हे सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगते आहे.

त्या बोकडानं नकार दिला होता असंही मी म्हणणार नाही. उन्हानं त्याचं भान हरपलं असेल, भुकेनं फुलांत लक्ष असेल. त्याच्या तोंडी ‘हो’ घातलं तसं ‘नाही’ घालायचाही मला हक्क नाही. पण त्या तासाभरात तिथल्या प्रत्येकानं समोरच्याला हवं ते म्हटलं होतं. त्यानं एकट्यानं म्हटलं नव्हतं. शेवटी त्याच्याकडून ते म्हणवून घेतलं कुणी, तर सकाळी त्यावरून भांडणाऱ्या बाईनं. काकांचा तरी विश्वास होता की बोकड उत्तर देतो. मला ठाऊक होतं की तो फक्त कानातलं पाणी झटकतोय, आणि ते उत्तर म्हणून मी खपवलं. एका बाईची अब्रू वाचवायला केलं, अशी मी मनाची समजूत घातली. एका बोकडाच्या बदल्यात हा सौदा काही वाईट नव्हता, असंही वाटलं. खरं तर जरा अभिमानच वाटत होता.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघी बोअरच्या पाण्यावर भांडी घासायला बसलो. जवळ कुणी नव्हतं. भावजय राखेनं परात घासत होती.

“आक्का, पाणी कानात घातलं नव्हं तुमी?” तिनं वर न बघता विचारलं.

“हो,” मी म्हटलं. ती माझा हात धरेल, निदान हसेल, असं मला वाटलं होतं.

“कशाला घातलं?”

“म्हणजे? ती काय काय बोलत होती तुला...”

“ती बोलू द्या. मी सांगणारच व्हते.” तिचा हात थांबला होता. “त्यायच्याकडं बघितलं, म्हणलं, आता सांगते. तोंडाशी आलं व्हतं. नऊ वर्षं झाली आक्का, कुणी इचारलंच न्हाई मला. आज समद्यांनी उभं करून इचारलं. पयल्यांदाच.”

मी हातातलं पातेलं विसळायला घेतलं.

“आता कोण इचारील? बोकडानंच सांगितलं की, समदं नीट हाय म्हणून.”

तिकडून आईनं हाक मारली, लेकरू रडत होतं. भावजयीनं परात विसळून पालथी घातली, पदराला हात पुसले आणि उठून गेली. याला आता तीन वर्षं होत आली. ती सेलूला येते, माझ्याकडं उतरते, माझ्या हातचं जेवते, लेकराच्या शाळेचं विचारते. मनातलं मला काही सांगत नाही.