तात्यांच्या रानापर्यंत होडीनं

सकाळी पुणं सोडलं तेव्हा डिकीत नवं शीड, दोरखंड आणि पॉलिश पेपरचा गठ्ठा होता. कळसजवळ मामांचे जुने शेजारी असलेल्या तात्यांच्या गोठ्यात एक जुनी फायबरची शिडाची होडी पडून होती. माझ्या मामेभावानं ती उजनी धरणाच्या पाण्यात चार वेळा फिरवली आणि परदेशी जाताना तात्यांनाच देऊन टाकली. मी खडकवासल्याला शीड हाताळायला शिकले होते, म्हणून तात्यांनी मला बोलावलं होतं.

पाहते तर होडीची गव्हाण (जनावरांना वैरण घालायची जागा) झालेली. दोन म्हशी तिच्यात तोंड घालून निवांत. डोलकाठीला गोठ्याचा दिवा टांगलेला आणि जुनं शीड कडब्याच्या गंजीवर. मी कपाळाला हात लावला.

"मासेमारांच्या एवढ्या होड्या आहेत तात्या, हा खटाटोप कशाला?"

"सोताच्या रानात जायाला दुसऱ्याची होडी मागू व्हय, ताई?"

तात्यांचं रान (शेत) धरणात गेलं तेव्हा ते ऐन तिशीत होते. त्यानंतर ते काठावरूनच बघत आले. आता डोळ्यांत काचबिंदू. "दिसतंय तवर एकदा जाऊन यायचं हाय," ते म्हणाले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट अंथरून होडी बारामती एमआयडीसीत नेली. तिथं दिलीपराव फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवतात. माणूस कामाचा पक्का. त्यांनी तळाच्या भेगा बुजवल्या, होडी काठोकाठ पाण्यानं भरली आणि दुसऱ्या दिवशी अभिमानानं दाखवली. "थेंब गळला न्हाय!" मीही मान डोलावली. शिकल्या-सवरल्या बाईची अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

काठावर तात्यांच्या सूनबाईंनी चिलापीचे (उजनीतला काटेरी मासा) तळलेले तुकडे बांधून दिले. ते खायची वेळच आली नाही. होडी पाण्यात लोटली आणि दहा मिनिटांत आत घोट्यापर्यंत पाणी आलं. तात्या डब्यानं उपसत होते, मी वल्हं मारत होते. कसेबसे काठाला लागलो. तात्या ओलं धोतर पिळत पाण्याकडेच बघत होते, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

होडी पुन्हा बारामतीला नेली. दिलीपरावांनी ती उलटी केली आणि तळावर हात फिरवला. सगळी ठिगळं आतून लावलेली. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं ती सुटली होती.

"ताई, जलमभर पाणी आत ठेवायचं काम केलं. भायेर ठेवायचं ह्ये पैल्यांदाच."

त्यांनी बाहेरून तळ घासला, फायबरची जाळी आणि चिकट रेझिनचे थर दिले. आठवडा वाळवण्यात गेला. रोज फोनवर तात्यांचा एकच प्रश्न, "वाळली का?"

दुसऱ्या खेपेला तळ कोरडा राहिला. वाऱ्यानं शीड भरलं. माळावरचं देऊळ आणि त्यामागचा पिंपळ एका रेषेत कधी येतात, ते तात्या डोळे बारीक करून बघत होते. बुडालेल्या रानाची तीच खूण. मध्येच वारा पडला.

"आलं का रान?" मी विचारलं.

"न्हाय. हितं दत्तूचं हाय. माझा चुलतभाऊ. बांधावरनं भांडलो, तवापासनं अबोला. बांध म्होरं हाय."

पाण्यावर बांध कसला? मला हसू आलं, पण तात्यांचा चेहरा बघून आवरलं आणि वल्हं घेतलं. पंधरा-वीस हात गेल्यावर तात्यांनी पायातल्या चपला काढल्या. "आता थांबा." त्यांनी पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मी वल्हं आत घेतलं.

परत आल्यावर होडी बाभळीला बांधली. या वेळी मासे खाल्ले. पुण्याला निघताना मी गाडी सुरू केली, तेव्हा तात्या खिडकीशी आले.

"ताई, होडीत तिघं मावत्यात का?"

"मावतील की. का हो?"

"दत्तूला बी इचारतो. त्याचं रान तर वाटंतच लागतंय."