बारावा ठिपका

सन दोन हजार तेवीस, कोल्हापूर. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत, गौरी-गणपती नुकतेच होऊन गेलेले. गुरुवारी संध्याकाळी जेवायला बसलो तर बायकोनं ताटाशेजारी एक कागद ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर वाटी ठेवली.

कागदावर पेनानं काढलेली घागर होती. बोटाच्या पेराएवढी. खाली अर्धगोल ठिपके. मी मोजले, बारा भरले.

"हे काय?"

"गोंदन. आमी बाराजनी हातावर काढून घेनार हाय. ऐतवारी, धा वाजता. राजारामपुरीत दुकान हाय."

मी घास हातात धरून बसलो.

या बाराजणी म्हणजे आमच्या गल्लीतल्या दहा आणि गडमुडशिंगीच्या दोघी. झिम्मा-फुगडी खेळतात. आधी नुसतं पंचमीला आणि गौरीला खेळायच्या, मग त्यांना स्पर्धेचं खूळ लागलं. त्या वर्षी जयसिंगपूरला जाऊन पहिला नंबर काढून आल्या. माझी बायको त्यांच्यात घागर फुंकते. अडुसष्ट वर्षांची बाई, साखरेची गोळी चालू, पण घागरीच्या तोंडाला ओठ लावून जो दम धरते तो पोरीसोरींना जमत नाही. हे मला त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलं. मी स्वतः बघायला कधी गेलो नव्हतो.

कारण खरं सांगायचं तर मला ते रुचत नव्हतं. सरावाच्या दिवशी संध्याकाळी मी घरात यायचो तर ताट झाकून ठेवलेलं. भाकरी गार. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या बाईनं मला समोर बसून वाढलं, ती आता कुणाच्या तरी अंगणात गोल फिरत असायची आणि तिचं हसू आमच्या दारापर्यंत ऐकू यायचं. मी तोंडानं काही बोललो नव्हतो. पण साठत होतं, आणि त्या गुरुवारी बाहेर आलं.

"म्हातारपनी असली थेरं न्हाय करायची," मी म्हणालो. तिनं काही बोलावं म्हणून मी आवाज चढवला. "हातावर घागर काढून घरात आलीस, तर त्या हातचं अन्न मी खानार न्हाय. मरंस्तवर."

दुसऱ्या कुणाची बायको असती तर हसली असती. पण हिला माझा शब्द माहीत होता. चाळिशीत असताना फौंड्रीत साहेबानं माझ्या साच्याला नावं ठेवली, तेव्हा मी म्हणालो होतो की या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही. सोळा वर्षांची नोकरी तिथल्या तिथं सोडली. आजही त्या रस्त्यानं जात नाही, वळसा घालून जातो.

तिनं वाटी उचलली, कागदाची घडी घातली.

"बरं. मग मी न्हाय जात. आनि मी न्हाय गेलो तर कुनीच जायचं न्हाय, तसं ठरलंय. ठिपकं बारा हाईत."

शुक्रवारी पहाटे मी नेहमीसारखा दूध कट्ट्यावर गेलो. तिथं म्हशी उभ्या असतात. गवळी समोर धार काढून फेसाळतं दूध ग्लासात देतो आणि तालमीत अंग घासलेली आमच्यासारखी म्हातारी माणसं ते उभ्यानं पिऊन दिवसाला लागतात. मी पिऊन झाल्यावर घरासाठी कॅन भरून नेतो. बायको पूर्वी दोन-तीनदा म्हणाली होती, "कुठली म्हस ती, एकदा दावा तरी." बायकांचं तिथं काय काम, म्हणून मी विषय कापला होता.

तर कट्ट्यावर मी आदल्या दिवशीची गोष्ट रंगवून सांगितली. शब्द जरा वाढवलेच.

"वाघ हाईस गड्या!" एक म्हणाला.

"आमच्या घरात असं बोललो असतो तर मलाच बाहीर झोपाय लागलं असतं," दुसरा म्हणाला.

मी छाती काढून उभा. गवळी म्हशीखाली बसलेला. मान वर न करता म्हणाला, "पैलवान, मग तुमच्या हातावर ती गदा कोन काढून गेलं? घरात इचारलं हुतं काय?"

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यात मोठ्यानं. पण नंतर माझ्या लक्षात आलं की मी शर्टाची बाही खाली ओढली होती. ती बाही मी पंचावन्न वर्षं दुमडून वर ठेवत आलोय.

ती गदा मी एकोणिसाव्या वर्षी काढून घेतली, जोतिबाच्या यात्रेत. तालमीतले आम्ही सातजण होतो. पोत्यावर बसलेल्या माणसाकडं बॅटरीवरचं मशीन होतं. एकामागं एक सात हात त्याच्यापुढं धरले. रक्त पुसायला एकच फडकं. घरी आल्यावर वडलांनी पायताण काढलं आणि मी पाठ केली, हात नाही, हात जपला. पुढं आठ दिवस आम्ही सातजण उघडे हात टाकून पेठेतनं फिरत होतो. लग्न झालं तेव्हा बायकोला पहिली दाखवायची गोष्ट म्हणजे ती गदा. तिनं हात लावून बघितली होती.

त्या सातांतले पाच गेले. सहावा उचगावात असतो. त्याच्याशी मी वीस वर्षं बोलत नाही. तोही माझा शब्दच.

शुक्रवारी दुपारी मला घरात बसवेना. उठायचो, दारात जायचो, परत यायचो. खुर्ची उन्हातनं सावलीत ओढली, मग सावलीतनं उन्हात. बायको भाकरी थापत होती. तिचं गप्प बसणं मला शिव्यांपेक्षा जड जायला लागलं.

"काय तरी बोल की," मी म्हणालो.

"काय बोलू?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "हनुवटीवरचं आईनं काढून घेतलं. मी सा वर्षांची असंन. आत्तीनं पाय धरलं, मी रड रड रडलो. ह्या हातावर तुमचं नाव तुमच्या आईनं काढून घेतलं, लगीन होऊन म्हैना झाला न्हवता. कुनी मला इचारलं न्हाय. मी बी काय बोललो न्हाय." तिनं भाकरी उलटली. "ह्ये एकच मी माझ्या मनानं मागितलं."

मग भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "जेवा. घागरीचा हात अजून कोराच हाय."

मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

संध्याकाळी समोरच्या घरातली आली. त्या बाराजणींची म्होरकी तीच. भाजीचा गाडा लावते, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जातो. दारातनंच सुरू झाली.

"काय मामा, उपास कधीपासनं धरताय?"

"तू तुझं काम बघ."

"तेच बघतोय की. अवो, तुमच्या एकट्याच्या पोटासाठी आमी अकराजनी थांबलोय. लई मोठं पोट हाय की तुमचं!"

"मग अकरा ठिपकं काढा. कोन नगं म्हनतंय?"

"व्हय? आनि घागर कोन फुंकनार, तुमी?"

आतनं बायकोचं हसू ऐकू आलं. गुरुवारनंतर पहिल्यांदा. आणि ते माझ्यावर होतं.

शनिवारी सकाळी मी ठरवलं की मुळावरच घाव घालायचा. राजारामपुरीत जायचं, त्या दुकानदाराला दम द्यायचा की म्हाताऱ्या बायकांच्या हाताला सुया टोचायचा धंदा करू नको. चालत निघालो. वाटेत दोनदा परत फिरलो आणि दोनदा पुन्हा निघालो. दुकान सापडलं, काचेचं दार, आत दवाखान्यासारखा वास. दम द्यायला तोंड उघडलं तर समोर पोरगी. माझ्या नातीच्या वयाची. हातात निळे हातमोजे.

"या आजोबा, बसा," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

पोरीवर ओरडायची मला सवय नाही. बसलो.

"ऐतवारच्या त्या बारा बायका," मी म्हणालो. "त्यात घागर फुंकनारी जी हाय, ती आमची मंडळी. तिला साखर हाय. चिघळलं म्हंजे?"

"त्या का?" पोरगी हसली. तिनं खणातनं फाईल काढली. "त्यांनी आठ दिवसांपूर्वीच डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिलीय. साखर आटोक्यात आहे, काही हरकत नाही. फक्त उपाशीपोटी आणू नका. काहीतरी पोटात घालून आणा."

आठ दिवस. म्हणजे मला कागद दाखवायच्या आधी ती एकटी डॉक्टरकडं जाऊन आली होती. दवाखान्यात ती कधी एकटी जात नाही, पायरीवरनंच माझा दंड धरते.

फाईलमध्ये तीच घागर होती, नीट काढलेली. अकरा ठिपके काळे भरलेले. बारावा नुसता पेन्सिलीनं गोल करून सोडलेला.

"हा असा का?"

"काल फोन आला, एकीचं अजून नक्की नाही म्हणून. मी म्हटलं पुसून टाकू का? तर नको म्हणाल्या, राहू दे."

मी त्या गोलाकडं बघत बसलो. तेवढ्यात पोरीची नजर माझ्या हातावर गेली. बाही कधी वर गेली होती कोण जाणे.

"गदा आहे का ही?" तिनं हात उजेडात धरला. "जुनं काम आहे. पसरलंय. परत भरून देऊ? एकदम नव्यासारखी करते."

आणि तिनं निळ्या पेनानं त्या हिरवट डागाभोवती रेघ फिरवली. गदा उठून दिसली. गोल डोकं, दांडा, सगळं. मला यात्रेतला गुलाल आठवला, ते पोतं, सात हात. मी खुर्चीत मागं टेकलो. अगदी तोंडावर आलं होतं, भर म्हणून.

"अजून कुणाकडं आहे का अशी?" पोरगी सुई लावता लावता सहज विचारत होती. "त्यांचंही करून देईन."

मी उत्तर द्यायला गेलो आणि नावं गिळली. भरून घेऊन दाखवणार कुणाला? पाच जळून गेले, आणि सहाव्याला दाखवायचं तर आधी त्याच्याशी बोलावं लागेल. बायकोच्या मात्र बाराच्या बारा जित्या आहेत. गल्लीत हाक मारली की येतात.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "हाय तसंच बरं हाय."

"आणि आजींचं? ठिपका पुसू का ठेवू?"

मी उठलो. दार ढकललं. ते ढकलायचं नव्हतं, ओढायचं होतं. ओढलं.

"ठेव," म्हणालो, आणि बाहेर आलो.

पण घरी आल्यावर जीभ उचलेना. एका पोरीला सांगणं निराळं आणि घरात सांगणं निराळं. शब्द मी दिला होता, तोही कट्ट्यावर दहा माणसांत मिरवलेला. संध्याकाळभर मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होतो. बायकोनं दोनदा विचारलं, "काय हरवलंय काय?" तिसऱ्यांदा तिला माझ्या हातावरची निळी रेघ दिसली. तिनं पदराचं टोक ओलं करून पुसायला घेतली, अर्धी पुसली, अर्धी राहिली. कुठं गेलता म्हणून विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

रविवारी पहाटे मी तिला हलवलं. "ऊठ. साडी बदल."

"कुठं?"

"म्हस बघायची हुती न्हवं तुला?"

रस्त्यानं ती आधी दोन पावलं मागं होती. पुढच्या चौकात मी थांबलो, मग बरोबरीनं चाललो. कट्ट्यावर आम्ही पोचलो तर बोलणी बंद झाली. एकानं विडी मागं लपवली. गवळ्यानं काही न विचारता धार काढली आणि ग्लास तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हशीकडं बघत राहिली.

"पी," मी म्हणालो. "उपाशीपोटी सुई टोचून घ्यायची नसती."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी गड्यांकडं वळलो आणि शुक्रवारी बोललो होतो त्याच आवाजात म्हणालो, "ऐका रं. परवा मी हितं बोललो ते माघारी घेतलं. ही आज हातावर घागर काढून घेनार हाय. आनि दुपारी मी हिच्याच हातचं जेवनार हाय."

मग विडी लपवलेला म्हणाला, "आँ! वाघाचं मांजर झालं की!"

"झालं," मी म्हणालो. "म्हनून तर दूध प्यायला आलंय."

आणि गवळ्यापुढं माझा ग्लास धरला.