कडीचा डाग

औंढ्याच्या एसटी स्टँडवर तो कंट्रोलर होता. रविवारी आम्ही जुनी नाणी जमवणारे समोरच्या हॉटेलात बसायचो, तेव्हा तो आमच्याशी चहा गार होईपर्यंत भांडत असायचा. नाणं हातात आलं की आधी नखानं कड चाचपायचा. बंजारा तांड्यावरच्या बायकांच्या हारातले निजामी रुपये व्यापारी आणत, हारात ओवायला त्यांच्या कडेला डाख देऊन जोडलेली कडी कापत, जोडाचा डाग घासत आणि कोरे म्हणून विकत. आम्ही ते हौसेनं घ्यायचो.

"कोरं काहून पायजे तुमाला?" तो ओरडायचा. "बाईनं जन्मभर गळ्यात वागवलं, ते पुसायचं?"

एकदा आमच्यातले एक मास्तर म्हणाले, "घासलेलं आपल्याला ओळखू येतं हो."

त्यानं खिशातून कडीसकट एक रुपया काढला, कानशीनं कडी कापली, डाग घासला, वर हॉटेलच्या भट्टीतली राख चोळली. मग तो टेबलावरच्या रुपयांत मिसळून म्हणाला, "ओळखा."

मास्तरांनी भलताच उचलला.

"तुमचा कुठून आणलेला?" मी विचारलं.

"माझ्या मायच्या गळ्यातला," त्यानं तो शोधून मास्तरांपुढे आपटला. "घ्या. आता कोरा झाला."